डीजीसीएला स्वायत्तता द्यायची म्हणजे नेमके काय द्यायचे?

सह्यकडा

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. त्यानंतरची बहुतेक चर्चा प्रवाशांचे हाल, तिकिटांचे भाव आणि देशांतर्गत बाजाराचा ६० टक्क्यांहून अधिक हिस्सा एकाच कंपनीकडे असण्याचा धोका यांभोवती फिरली. हे मुद्दे रास्तच आहेत. परंतु त्याच आठवड्यात घडलेली एक गोष्ट मला या सगळ्यापेक्षा गंभीर वाटते, आणि तिच्यावर नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. वैमानिकांच्या थकव्याबाबतचा सुरक्षिततेचा नियम, जो नियामकाने स्वतः अभ्यास करून तयार केला होता, तो स्थगित केल्याची घोषणा ५ डिसेंबरला मंत्रालयाच्या निवेदनातून झाली.

या नियमाचा प्रवास थोडक्यात सांगतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, जानेवारी २०२४ मध्ये वैमानिकांच्या कामाच्या तासांची सुधारित मर्यादा जाहीर केली. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीच्या कामाची व्याख्या पहाटे सहापर्यंत वाढली आणि रात्रीच्या वेळी करता येणाऱ्या लँडिंगची संख्या सहावरून दोनवर आली. हे १ जून २०२४ पासून लागू व्हायचे होते. विमान कंपन्यांनी हरकत घेतली आणि मार्चअखेर अंमलबजावणी लांबणीवर पडली. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि अखेर १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत नियम लागू करण्याचे ठरले. म्हणजे पहिल्या घोषणेपासून दुसऱ्या टप्प्यापर्यंत कंपन्यांना जवळपास पावणेदोन वर्षे मिळाली. तरीही एका कंपनीने पुरेसे वैमानिक ठेवले नाहीत, विमानतळांवर गोंधळ उडाला, आणि मग साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरता येणार नाही हे कलम सर्वांसाठीच मागे घेतले गेले. इंडिगोला तर रात्रीच्या कामाच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली. पुढच्याच आठवड्यात डीजीसीएने चार फ्लाइट ऑपरेशन्स इन्स्पेक्टरांना, म्हणजे कंपन्यांच्या उड्डाणांवर देखरेख ठेवणाऱ्या आपल्याच निरीक्षकांना, कामावरून दूर केले. हे चौघेही कंत्राटी होते.

कोणाला सूट मिळाली आणि कोणाची नोकरी गेली हे शेजारी ठेवून पाहिले, की या व्यवस्थेत वजन कोणाकडे आहे ते समजते.

डीजीसीएच्या सुधारणेचा इतिहास हा मुख्यतः बाहेरून आलेल्या दबावाचा इतिहास आहे. डिसेंबर २०१२ च्या लेखापरीक्षणात आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे इकाओने, गंभीर त्रुटी दाखवल्या. ऑगस्ट २०१३ मध्ये तत्कालीन मंत्री अजित सिंह यांच्या काळात नागरी विमान वाहतूक प्राधिकरण विधेयक लोकसभेत मांडले गेले. डीजीसीएच्या जागी आर्थिकदृष्ट्या स्वायत्त प्राधिकरण आणण्याची त्यात तरतूद होती. ते पुढे सरकण्याआधीच ३१ जानेवारी २०१४ रोजी अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, म्हणजे एफएएने, सुरक्षा देखरेखीच्या बाबतीत भारताला पहिल्या श्रेणीतून खालच्या, दुसऱ्या श्रेणीत उतरवले. पूर्णवेळ, प्रशिक्षित निरीक्षक पुरेसे नाहीत हा त्यातला प्रमुख आक्षेप होता. आपल्या कंपन्यांना अमेरिकेला नवी उड्डाणे सुरू करता येईनात, तेव्हा कुठे पदे मंजूर झाली, भरती झाली आणि ८ एप्रिल २०१५ रोजी पहिली श्रेणी परत मिळाली. विधेयक मात्र पंधराव्या लोकसभेबरोबर रद्दबातल झाले आणि पुन्हा आले नाही.

त्याऐवजी २०२० मध्ये विमान कायद्यात दुरुस्ती होऊन डीजीसीए, सुरक्षा ब्युरो आणि अपघात अन्वेषण ब्युरो या तिन्ही संस्थांना वैधानिक दर्जा मिळाला. दंडाची कमाल मर्यादा दहा लाखांवरून एक कोटीवर गेली. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली. कागदावर हे मोठे बदल आहेत. परंतु महासंचालकाची नेमणूक सरकार करते, पैसा सरकारकडून येतो, पदे भरण्याचा मार्ग सरकारच्या हातात असतो आणि सरकार निर्देशही देऊ शकते. संस्थेचे नाव कायद्यात आले एवढाच जर वैधानिक दर्जाचा अर्थ असेल, तर त्याला स्वायत्तता म्हणता येणार नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संजय झा यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय स्थायी समितीने विमान सुरक्षिततेवर अहवाल दिला. त्यानुसार मंजूर १,०६३ पदांपैकी फक्त ५५३ भरलेली होती. समितीने डीजीसीएला पूर्ण प्रशासकीय व आर्थिक स्वायत्तता द्यावी, अशी शिफारस केली. अहमदाबादच्या १२ जूनच्या अपघातात, विमानातले आणि जमिनीवरचे मिळून २६० जण गेल्यानंतर दोन महिन्यांनी आलेला हा अहवाल आहे. त्या अपघाताचे कारण अजून निश्चित झालेले नाही आणि तो नियामकाच्या ढिलाईमुळे झाला असे मी म्हणत नाही. परंतु ज्या संस्थेची निम्मी टेबले रिकामी आहेत, तिच्याकडून कोणत्या दर्जाच्या देखरेखीची अपेक्षा ठेवायची?

यामागचे राजकारण मला असे दिसते. नव्या विमानतळाच्या उद्घाटनाला फीत असते, भाषण असते, श्रेय असते. गेल्या दशकात विमानतळांची संख्या ७४ वरून दुपटीच्या पुढे गेली हे प्रत्येक मंत्री सांगतो, आणि ते काम खरोखर मोठे आहे. न झालेल्या अपघाताचे श्रेय मात्र कोणालाच मिळत नाही. वाढ आणि देखरेख ही दोन्ही कामे एकाच मंत्र्याच्या टेबलावर ठेवली, तर ताण पडल्यावर कोणते आधी वाकेल हे डिसेंबरमध्ये दिसले. पक्ष कोणताही असो. २००४ ते २०११ या काळात आपल्याच राज्याचे प्रफुल्ल पटेल मंत्री असताना स्वस्त विमानसेवांचा विस्तार झाला, तेव्हाही निरीक्षकांची संख्या त्या वेगाने वाढली नव्हती, आणि त्याची किंमत २०१४ मध्ये मोजावी लागली.

हँगर क्रमांक दोन

मी विमान देखभाल अभियंता म्हणून निवृत्त झालो. कंपनीचे नाव घेत नाही. निरीक्षक कमी असण्याचा प्रत्यक्ष कामावर काय परिणाम होतो, एवढेच सांगतो.

विमानातला एखादा बिघाड उड्डाणाला धोकादायक नसेल, तर तो एमईएल नावाच्या यादीनुसार ठरावीक मुदतीपर्यंत पुढे ढकलता येतो. बी वर्गाला तीन दिवस, सी वर्गाला दहा, डी वर्गाला १२० दिवस. सुटा भाग नसला की हीच सोय असते, आणि त्यात गैर काही नाही. पण आमच्याकडे एकदा असे होत होते, की सी वर्गातला एक बिघाड नवव्या दिवशी ‘तपासले, ठीक आढळले’ अशी नोंद करून बंद व्हायचा आणि दोन उड्डाणांनंतर पुन्हा उघडला जायचा. दहा दिवस नव्याने मोजायला सुरुवात. प्रत्येक पान स्वतंत्रपणे वाचले तर निर्दोष दिसायचे, सही-शिक्क्यांसह.

एका रात्री तपासणीला आलेल्या डीजीसीएच्या अधिकाऱ्याने टेक लॉगची, म्हणजे विमानातल्या बिघाडांच्या नोंदवहीची, चालू पाने पाहून वही मिटली नाही. त्यांनी खुर्ची ओढून घेतली, मागच्या दोन महिन्यांची पाने एकेक करून उलटली आणि त्या एकाच बिघाडाच्या नोंदींवर पेन्सिलीने बारीक खुणा करत गेले. पाच खुणा झाल्यावर त्यांनी वही आमच्या शिफ्ट इनचार्जसमोर ठेवली आणि काहीही न बोलता थांबले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सुटा भाग हजर झाला.

अशी तपासणी करायला वेळ लागतो. ज्या माणसाला त्याच रात्री आणखी दोन विमाने आणि सकाळी दुसऱ्या शहरात लेखापरीक्षण असते, तो चालू पान पाहतो, सही करतो आणि जातो. त्याला दोष देता येत नाही. म्हणून ५५३ हा आकडा वाचला, की मला ती न उलटलेली पाने दिसतात.

निवृत्त कारकून

सह्यकडा यांनी मुद्दे व्यवस्थित मांडले आहेत, परंतु त्यांच्या निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही. मी आयुष्य सरकारी खात्यात काढले आहे आणि तिथून जे दिसले ते सांगतो.

एक म्हणजे, मंत्र्याने हस्तक्षेप केला म्हणून तो आपोआप गैर ठरत नाही. त्या आठवड्यात लोक विमानतळांवर दोन-दोन दिवस अडकले होते, त्यांत रुग्ण होते, परीक्षार्थी होते, अस्थी घेऊन निघालेले लोकही होते. संसदेत उत्तर मंत्र्याला द्यावे लागते, महासंचालकाला नाही. पूर्ण स्वायत्त प्राधिकरण नेमले आणि त्याने चुकीचा निर्णय घेतला, तर मतदार कोणाला जाब विचारणार?

दुसरे, लोकसेवा आयोगाच्या भरतीला सगळे हळू म्हणतात, आणि ती हळू आहेच. पण तिच्यामुळे वशिला थांबतो. स्वायत्ततेच्या नावाखाली भरतीचा अधिकार संस्थेकडे दिला की काय होते, हे मी दुसऱ्या एका मंडळात जवळून पाहिले आहे. पहिल्या दोन वर्षांत सेवानिवृत्तांच्या पुनर्नेमणुकांशिवाय काहीच झाले नाही.

शिवाय चित्र इतके काळेही नाही. इकाओच्या लेखापरीक्षणात भारताचे गुण सुमारे ७० टक्क्यांवरून २०२२ मध्ये ८५ च्या पुढे गेले. ही प्रगती याच संस्थेने, याच मंत्रालयाखाली केली आहे.

सह्यकडा

निवृत्त कारकून, आपल्या पहिल्या मुद्द्याचे वजन मला मान्य आहे. आणीबाणीत नियम शिथिल करण्याचा अधिकार कोणाकडे तरी हवाच. माझे म्हणणे एवढेच आहे, की तो सुरक्षिततेच्या नियमांपुरता नियामकाकडे असावा आणि वापरताना लेखी कारणे प्रसिद्ध करावीत: थकव्याचा धोका किती वाढेल, तो कमी करण्यासाठी कंपनीवर कोणत्या अटी घातल्या, आणि उड्डाणे कमी करण्याचा पर्याय आधी का वापरला नाही. हा शेवटचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण काही दिवसांनी सरकारने इंडिगोला उड्डाणे दहा टक्क्यांनी कमी करायला सांगितलेच. तो आदेश आधी आणि वेळेवर आला असता, तर विश्रांतीच्या नियमाला हात लावावा लागला असता का? मंत्र्याला संसदेत उत्तर द्यायचे असते हे खरे आहे, पण नेमके त्यामुळेच अडकलेल्या प्रवाशांनी भरलेल्या विमानतळापेक्षा थकलेला वैमानिक त्याला कमी त्रासदायक वाटतो.

८५ टक्क्यांबद्दल: ते लेखापरीक्षण मुख्यतः कायदे, रचना आणि कार्यपद्धती आहेत का हे पाहते. हँगर क्रमांक दोन यांनी सांगितलेली पाने कोणी उलटतो का, याचे उत्तर त्यातून पुरेसे मिळत नाही.

कलम बहाद्दर

कायद्याच्या बाजूने थोडी भर घालतो. २०२० च्या दुरुस्तीने केंद्र सरकारला या तिन्ही संस्थांना सार्वजनिक हितासाठी निर्देश देण्याचा आणि त्यांच्या आदेशांचा फेरविचार करण्याचा अधिकार दिला. दूरसंचार, विमा, वीज या क्षेत्रांतल्या नियामकांची रचना याहून वेगळी आहे. तिथे अध्यक्ष-सदस्यांच्या मुदती कायद्यात आहेत आणि अपील न्यायाधिकरणाकडे जाते. विमान वाहतुकीत, जिथे चुकीची किंमत माणसांच्या जिवाने मोजली जाते, तिथे नियामकाला सर्वांत कमी संरक्षण आहे.

महासंचालकाला निश्चित मुदत नसण्याचा परिणाम काय होतो, याचे उदाहरण जुने आहे. जुलै २०१२ मध्ये, किंगफिशर या अडचणीत आलेल्या विमान कंपनीचे प्रकरण पेटलेले असताना, तत्कालीन महासंचालक ई. के. भारत भूषण यांना अचानक पदावरून हटवले गेले. त्यामागच्या कारणांवर तेव्हा बरेच लिहिले गेले, आणि त्यात मी पडत नाही. परंतु त्या खुर्चीवर नंतर बसलेल्या प्रत्येकाने त्यातून एक गोष्ट लक्षात ठेवली असणार.

दंडाबाबतही तेच. एक कोटी ही मर्यादा ऐकायला मोठी वाटते. २०२४-२५ मध्ये इंडिगोचा नफा सात हजार कोटींहून अधिक होता. अशा कंपनीला आणि चार विमानांच्या चार्टर कंपनीला एकच कमाल मर्यादा लावायची, तर ती छोट्याला मारते आणि मोठ्याला जाणवतही नाही. उलाढालीच्या टक्केवारीत दंड हवा, जसा स्पर्धा कायद्यात आहे.

अपघाताच्या चौकशीचा प्रश्न मला याहून नाजूक वाटतो. अहमदाबाद अपघाताच्या चौकशी पथकात डीजीसीएचे अधिकारी आहेत, हा आक्षेप सर्वोच्च न्यायालयातील याचिकेत घेतला गेला आहे. ज्या संस्थेची देखरेख तपासायची, तिचीच माणसे तपासणार का, हा प्रश्न त्या एका अपघातापुरता मर्यादित नाही.

टेम्सकाठी

मी अनेक वर्षे लंडनजवळ राहतो. ब्रिटनचा दाखला या चर्चेत सहसा अर्धवट दिला जातो, म्हणून लिहितो. इथले नागरी विमान वाहतूक प्राधिकरण १९७२ पासून मंत्रालयाबाहेर आहे आणि त्याचा खर्च मुख्यतः विमान कंपन्या, विमानतळ व परवानाधारकांकडून घेतलेल्या शुल्कातून चालतो. त्यामुळे निरीक्षकाला बाजारभावाच्या जवळ जाणारा पगार देता येतो. अपघात अन्वेषण शाखा मात्र इथेही परिवहन खात्यातच आहे. म्हणजे अन्वेषण मंत्रालयाबाहेर काढणे हाच एकमेव मार्ग नव्हे, तर अन्वेषण आणि नियामक एकमेकांपासून तोडणे जास्त महत्त्वाचे आहे. भारतात दोन्ही एकाच छपराखाली आहेत, खरी अडचण तिथे आहे.

शुल्कावर चालणाऱ्या संस्थेचा धोकाही सांगायला हवा. ज्याच्याकडून पैसे येतात त्याच्याशी सलगी वाढते. अमेरिकेत एफएएच्या कायद्यातून उद्योगाला चालना देण्याचे काम १९९६ मध्ये काढले गेले, तेही व्हॅल्यूजेटच्या अपघातात ११० माणसे गेल्यावर. तरीही पुढे विमान सुरक्षित असल्याच्या प्रमाणीकरणाचे बरेचसे काम बोइंगच्याच कर्मचाऱ्यांवर सोपवले गेले आणि ७३७ मॅक्सच्या दोन अपघातांत ३४६ जणांचा बळी गेला. ती संस्था भारताच्या मानाने श्रीमंत होती आणि माणसांनी भरलेली होती.

मांडवीतीर

एक छोटा मुद्दा, जो महाराष्ट्र आणि गोव्याच्या वाचकांना जवळचा आहे. दाबोळीला हवाई वाहतूक नियंत्रण नौदलाकडे आहे आणि पुण्यात लोहगावला हवाई दलाकडे. डीजीसीए उद्या कितीही स्वायत्त झाले, तरी या दोन ठिकाणी त्याचा अधिकार धावपट्टीपर्यंत कसा पोहोचणार, हे संरक्षण मंत्रालयाशी बसून ठरवावे लागेल. या विषयावरच्या कोणत्याही मसुद्यात हे मी वाचलेले नाही.

दक्षिणवारा

मंगळूर आणि कोळिकोडचा उल्लेख अजून कोणी केला नाही. २२ मे २०१० रोजी मंगळूरला १५८ जण गेले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या चौकशी न्यायालयाने सविस्तर अहवाल दिला. त्यानंतर सुरक्षिततेसाठी सल्लागार समितीही नेमली गेली. त्या समितीचे सदस्य कॅप्टन मोहन रंगनाथन यांनी २०११ मध्येच लेखी कळवले होते, की पावसात आणि पाठीमागून वारा असताना कोळिकोडच्या धावपट्टी १० वर उतरणे धोकादायक आहे. ७ ऑगस्ट २०२० रोजी, पावसात, पाठवाऱ्यात, त्याच धावपट्टीवर एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान घसरून खाली कोसळले आणि २१ जण गेले. त्यांत कॅप्टन दीपक साठेही होते. अधिकृत अहवालाने ठरलेली कार्यपद्धती न पाळल्याचे कारण दिले, आणि व्यवस्थेतल्या उणिवांचाही उल्लेख केला.

माझा प्रश्न असा आहे, की २०११ च्या त्या पत्राला ‘आम्ही हे करू’ किंवा ‘या कारणासाठी करणार नाही’ असे लेखी उत्तर देण्याचे बंधन कोणावर होते? माझ्या मते स्वायत्ततेइतकेच हे महत्त्वाचे आहे. अमेरिकेत अन्वेषण मंडळाच्या शिफारशीला एफएएला ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावे लागते आणि ते लोकांना वाचता येते.

हँगर क्रमांक दोन

टेम्सकाठी, पगाराचा मुद्दा तुम्ही बरोबर पकडलात. अनुभवी कॅप्टन कंपनीत जे कमावतो, त्याच्या आसपासही सरकारी वेतनश्रेणी जात नाही. म्हणून फ्लाइट ऑपरेशन्स इन्स्पेक्टर कंत्राटावर येतात, काही वर्षांनी पुन्हा एखाद्या कंपनीत जातात. ज्याच्या दारात उद्या नोकरी मागायची आहे, त्याच्या चुका आज लिहून काढायला फार मोठे मन लागते. आणि डिसेंबरमध्ये पाहिलेच, की वादळ आले तर आधी कंत्राटी माणूस जातो.

निवृत्त कारकून

इथले प्रतिसाद वाचून माझे मत थोडे सरकले आहे. महासंचालकाला पाच वर्षांची निश्चित मुदत, शिफारशींना लेखी उत्तराचे बंधन, आणि चौकशी पथकात नियामकाची माणसे नकोत, या तिन्ही गोष्टींना माझा पाठिंबा आहे. त्यासाठी नवे प्राधिकरण लागत नाही, आहे त्या कायद्यात दुरुस्ती पुरेल. भरतीबाबत मात्र मी ठाम आहे. आयोगाला वगळू नका. तांत्रिक पदांसाठी आयोगाचेच वेगळे, वर्षभर चालू राहणारे निवड मंडळ करा आणि पगार वेतनश्रेणीबाहेर ठरवा.

सह्यकडा

हे मान्य करण्यासारखे आहे, आणि समितीच्या शिफारशीपेक्षा तुमचा भरतीचा पर्याय अधिक पटतो. मुदतीबाबत एक भर: मुदतीआधी हटवायचे असेल तर कारणांसह आदेश संसदेपुढे ठेवण्याची तरतूदही हवी, नाहीतर निश्चित मुदत बदलीच्या एका ओळीत संपेल.

प्रथेप्रमाणे स्थायी समितीच्या शिफारशींवर मंत्रालयाने तीन महिन्यांत कार्यवाहीचे उत्तर द्यायचे असते आणि त्यावर समिती पुन्हा अहवाल देते. त्यात ‘शिफारस विचाराधीन आहे’ एवढेच लिहिले आहे, की पदांचा आकडा आणि तारीख दिली आहे, हे प्रत्येक शिफारशीखाली वाचून इथे उतरवू या. कलम बहाद्दर, कायद्यातल्या दुरुस्तीचा एक छोटा मसुदा तुम्ही करू शकाल का? तिन्ही मुद्दे कोणत्या कलमात बसतील एवढे जरी मांडलेत, तरी आपापल्या मतदारसंघातल्या खासदारांना ते पाठवता येईल.